आधी भाडेकरू शोधा, मग घर

पत्र: ताई, नमस्कार. मी ठाण्याला वर्तकनगरमध्ये राहतो. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत सुपरवायझर आहे, वय 45. बायको शाळेत शिक्षिका, मुलगी अकरावीला, आई आमच्यासोबत असते. गावाकडची जमीन विकली, माझ्या वाट्याला 28 लाख आले. नुसते बँकेत ठेवण्यापेक्षा एक छोटं घर घेऊन भाड्याने द्यावं असं मनात आहे. कळव्याला खारीगावात वीस वर्षं जुन्या बिल्डिंगमध्ये वन बीएचके 48 लाखांना मिळतोय. ब्रोकर म्हणतो, 16 हजार भाडं सहज येईल. मेहुणे म्हणतात, नवी मुंबईत उलव्याला नवीन घ्या, विमानतळ सुरू झालंय, 52 लाखांत बुकिंग चालू आहे, या रविवारी 51 हजार टोकन देऊन टाकू. बँक 30 लाख कर्ज द्यायला तयार आहे, हप्ता भाड्यातून फिटेल असा हिशेब. आईचा मात्र ठाम विरोध. ती लालबागच्या चाळीत वाढलेली. म्हणते, भाडेकरू एकदा आत आला की निघत नाही. काय करावं?
एक वाचक, ठाणे

उत्तर:

तुमच्या पत्रात घराची किंमत आहे, हप्ता आहे, मेहुणे आहेत, विमानतळसुद्धा आहे. ज्याच्या खिशातून दरमहा पैसे यायचे आहेत तो भाडेकरू मात्र फक्त आईंच्या वाक्यात येतो, आणि तिथेही घर बळकावणारा म्हणून. तेव्हा आईंपासूनच सुरुवात करते.

आई चुकीचं काही बोलत नाहीत. त्यांनी बघितलेली भाडेकरूची जात वेगळी होती. 1947च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठली, पागडी देऊन खोलीत शिरलेला माणूस तीन पिढ्या तिथेच राहिला, आणि मालकाच्या हातात महिन्याला चहाच्या खर्चाइतकं भाडं पडत राहिलं. लालबाग-परळमध्ये वाढलेल्या बाईला 'घर भाड्याने दिलं' म्हणजे 'घर गेलं' असंच ऐकू येणार. पण तुम्ही करणार आहात तो करार त्या जातीचा नाही. तो लिव्ह अँड लायसन्स. कायद्याच्या दृष्टीने तुमच्याकडे राहायला येणाऱ्याला फक्त वापराचा परवाना मिळतो, घरात हक्क मिळत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 याच्या कलम 24 मध्ये हे स्पष्ट आहे: मुदत संपली आणि माणूस निघाला नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा घेता येतो, आणि जितके दिवस तो बसून राहील तितक्या दिवसांचं दुप्पट भाडं भरपाई म्हणून मागता येतं. अर्थात प्रकरण तिथवर गेलं तर हेलपाटे चुकत नाहीत. पण आईंना वाटतं तशी तीन पिढ्यांची गोष्ट राहिलेली नाही.

मात्र हे सगळं करार नोंदवलेला असेल तर. ठाण्यात अजूनही निम्मी मंडळी 'अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी लागत नाही' असं छातीठोकपणे सांगतात. महाराष्ट्रात लागते. एका महिन्याचा असला तरी लागते, आणि ती करून घ्यायची जबाबदारी मालकाची. कलम 55. नोंदवला नाही आणि उद्या वाद झाला, तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, खोटं आहे हे तुम्ही सिद्ध करायचं. वर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ब्रोकर पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करून देतो म्हणाला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

खर्च म्हणाल तर हसू येईल इतका. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरून तेही त्यात मिळवायचं. तुमचं 16 हजार भाडं, अकरा महिने, 50 हजार डिपॉझिट धरलं तर साधारण साडेचारशे रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000. बाकी घरी येऊन करून देणाऱ्याची मजुरी. हल्ली तो मुलगा लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन संध्याकाळी घरीच येतो. माझ्या एका करारात साक्षीदार म्हणून शेजारचे आजोबा बसले होते. आयुष्यभर लेथ मशीनवर काम केलेला माणूस, बोटांच्या रेषा पार झिजलेल्या. यंत्र सारखं लाल दिवा दाखवी. अंगठा झाला, तर्जनी झाली, रुमालाने पुसून झालं, शेवटी डाव्या हाताच्या करंगळीने काम भागलं. तुम्ही असा करार कराल तेव्हा आईंना समोर बसवा. फोटो, अंगठा, आधार, दोन साक्षीदार, मुदतीची तारीख, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर होऊ द्या. माझ्या समजावण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल. पोलिसांना भाडेकरूची माहिती द्यायची असते, तेही ऑनलाइन होतं. ते टाळू नका.

आता हिशेब. 'भाड्यातून हप्ता फिटेल' हे वाक्य मला दर आठवड्याला पत्रांत भेटतं. तुमचेच आकडे घेऊन बसू.

कळव्याचं घर 48 लाख. मुद्रांक शुल्क ठाण्यात सात टक्के, फक्त बाईच्या नावावर घेतलं तर सहा. बायकोच्या एकटीच्या नावावर घेतलंत तर 2,88,000, म्हणजे 48 हजार वाचतात. (दोघांच्या नावावर घेतलं की ही सवलत गेली. आणि एक बारीक गोष्ट: नाव तिचं पण पैसे तुमचे असतील, तर तेवढ्या भागाचं भाडं आयकरात तुमच्याच उत्पन्नात धरतात.) नोंदणी फी 30 हजार. ब्रोकर एक टक्का, 48 हजार. सोसायटीचं हस्तांतरण शुल्क, महापालिका हद्दीत जास्तीत जास्त 25 हजार. वकील 20 हजार. आणि वीस वर्षं जुन्या घराला दोन लाख तरी लागणारच: बाथरूमचं वॉटरप्रूफिंग, वायरिंग, ओट्याखालची कपाटं, रंग. झाले 54 लाखांच्या वर. बँक मुद्रांकाला आणि रंगाला कर्ज देत नाही, ते तुमच्या खिशातून. 28 मधले चार लाख हातात ठेवले, म्हणजे 24 तुमचे आणि 30 बँकेचे.

30 लाखांना साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता 26 हजार. पत्रातलं भाडं 16 हजार. इथेच दहा हजारांची खोट दिसते, ती ब्रोकरने सांगितली नसेल. पण खरी खोट याहून मोठी आहे. भाडं वर्षाला बारा महिने येत नाही. एक निघतो, दुसरा येईपर्यंत रंग, ब्रोकर, पितृपक्ष. अकरा धरा: 1,76,000. त्यातून मेंटेनन्स, मालमत्ता कर, किरकोळ दुरुस्ती, दरवेळच्या कराराचा आणि दलालीचा खर्च काढला की माझ्या अंदाजाने 1,22,000च्या आसपास उरतात. हप्ते वर्षाला 3,12,000. म्हणजे दरमहा जवळपास 16 हजार तुम्ही पगारातून घालायचे. मुलगी दीड वर्षात कॉलेजला जाईल, नेमकी तेव्हा. आणि गुंतवलेल्या 54 लाखांवर हातात पडलेलं भाडं सव्वादोन टक्के. बँकेतल्या मुदत ठेवीला नाकं मुरडणाऱ्यांनी हा आकडा एकदा मोठ्याने वाचावा.

कराची थोडी मदत असते. भाड्यातून मालमत्ता कर वजा करून उरलेल्याच्या 30 टक्के सरसकट वजावट मिळते, कर्जाचं व्याजही वजा होतं, त्यामुळे सुरुवातीची वर्षं भाड्यावर कर बहुधा लागणार नाही. पण नव्या करप्रणालीत असाल तर उरलेला तोटा पगारातून वजा करता येत नाही. जुन्या प्रणालीत दोन लाखांपर्यंत येतो. तुम्ही कुठल्या प्रणालीत आहात हे कंपनीतल्या अकाउंट्सवाल्याला आजच विचारा.

मग घर भाड्याने देणारे काय मूर्ख आहेत? नाहीत. भाडं दरवर्षी थोडं वाढतं, हप्ता जवळपास तिथेच राहतो, आणि घराची किंमत वाढली तर वाढते. पण ती 'तर' आहे. सुरुवात करणाऱ्याने किमतीच्या वाढीवर घर घेऊ नये, भाड्यावर घ्यावं असं माझं मत आहे. किंमत वाढलेली कळते विकताना. भाडं कळतं दर पाच तारखेला.

म्हणूनच मी म्हणते, आधी भाडेकरू शोधा. खरोखर शोधा. कळव्याला जा आणि घर विकत घ्यायचंय असं कुणाला सांगूच नका. भाड्याने हवंय म्हणा. चार ब्रोकरांकडे बसा. घर विकणारा ब्रोकर 16 हजार म्हणतो. तोच माणूस भाड्याने घर दाखवताना 'साहेब, बोला ना, 14मध्ये करून देतो' म्हणेल. दुसरा आकडा खरा. दोन रविवार एवढंच करा. जिन्यात पाणी किती वाजता येतं विचारा, पार्किंगला बाईक लागते का बघा, स्टेशनपासून चालत किती मिनिटं ते स्वतः चाला, रिक्षाने नको.

कळव्याबद्दल माझं मत बरं आहे. तिथे भाड्याने राहणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. महापालिकेच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयातल्या आणि मेडिकल कॉलेजातल्या नर्स, निवासी डॉक्टर. ऐरोलीच्या आयटी पार्कात जाणारी, दोघं-तिघं मिळून राहणारी मुलं. ठाणे-बेलापूर रोडच्या कंपन्यांतली कुटुंबं. या लोकांना स्विमिंग पूल नको असतो. पाणी, लोकल आणि रात्री उशिरा आल्यावर गेट उघडणारा वॉचमन हवा असतो.

पण कळवा, मुंब्रा, दिवा या पट्ट्यात एक काळजी दुप्पट घ्यायला हवी. 2013च्या एप्रिलमध्ये शीळफाट्याला अनधिकृत इमारत कोसळली आणि 74 माणसं गेली. तेव्हा भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला, ज्याला सगळे ओसी म्हणतात, तो हातात घेऊन बघा. 'सोसायटीकडे आहे' हे उत्तर चालत नाही. सोसायटी नोंदलेली आहे का, कन्व्हेयन्स झालंय का, म्हणजे जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर आली आहे का, आधीच्या सगळ्या खरेदींचे करार सलग आहेत का आणि शेअर सर्टिफिकेटवर विकणाऱ्याचंच नाव आहे का, हे वकिलाकडून बघून घ्या. पावसाळ्याआधी ठाणे महापालिका धोकादायक इमारतींची यादी लावते, सी-वन म्हणजे ताबडतोब रिकामी करण्याची. यादीत नाव नसलं तरी गच्चीवर जाऊन या. टाकीखालच्या बीममधून सळया डोकावत असतील तर पुढची वीस वर्षं सोसायटीच्या दुरुस्ती वर्गण्या तुम्हीच भरणार. इमारत तिशीला पोचली की स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं, आणि या इमारतीची तिशी तुमच्या कर्जाच्या निम्म्या वाटेवरच येते.

आता उलवे. तुमच्या मेहुण्यांचा मला राग नाही, प्रत्येक घरात एक मेहुणे असतात. अटल सेतू जानेवारी 2024 मध्ये सुरू झाला, खारकोपरवरून लोकल आहे, विमानतळावरून डिसेंबर 2025 पासून विमानं उडू लागली, सगळं खरं. म्हणूनच बिल्डरने ते सगळं किमतीत आधीच घालून ठेवलंय. शिवाय बांधकाम चालू असलेल्या घराला, 45 लाखांच्या वरच्या, पाच टक्के जीएसटी: 2,60,000. तयार, ओसी मिळालेल्या घराला तो शून्य. 50 लाख किंवा त्यावर किंमत म्हणून एक टक्का टीडीएस, म्हणजे बिल्डरला द्यायच्या पैशातून कर कापून सरकारकडे भरण्याचं कामही तुमच्याच गळ्यात. आणि ताबा मिळेपर्यंत भाडं नाही, हप्ता किंवा त्यावरचं व्याज मात्र चालू. मी एकदा असंच बुकिंग केलं होतं. दोन वर्षांत देतो म्हणालेल्या बिल्डरने साडेचार लावली. मधल्या काळात साइट ऑफिसमधली चार मुलं बदलली, प्रत्येकाने मला नव्याने तोच नकाशा समजावून सांगितला.

उलव्याला जायचंच असेल तर संध्याकाळी आठला जा. नव्या टॉवरच्या खाली उभं राहून पेटलेल्या खिडक्या मोजा. अंधारातल्या खिडक्यांमागे बहुतेक तुमच्या-माझ्यासारखीच माणसं आहेत, भाडेकरूची वाट बघणारी. तुमच्या घराला ताबा मिळेल तेव्हा त्याच मजल्यावरचे दहा जण एकाच आठवड्यात एकाच ब्रोकरकडे चाव्या ठेवतील. भाडं किती राहील?

जमीन सिडकोची आणि लीजवर असेल, तर पुढे विकताना सिडकोची परवानगी आणि हस्तांतरण शुल्क येतं. कोपरखैरणे, घणसोलीच्या जुन्या घरांनाही हे लागू. तिथे बैठ्या घरांवर चढवलेले मजले मंजूर आहेत का तेही बघा, नाहीतर बँक दारातूनच परत पाठवते.

भाडं ठरवताना माझ्या हातून झालेली चूक सांगते. नेरूळच्या घरासाठी एक तरुण जोडपं आलं होतं, 14,500 देत होते. मी 16,000वर अडून बसले. ते गेले. जून, जुलै, ऑगस्ट घर बंद. सप्टेंबरमध्ये कुलूप उघडलं तर भिंतीला हात लावला की रंग हाताला येई, कपाटाची दारं फुगून लागत नव्हती, आणि मागच्या भाडेकरूच्या विसरलेल्या चपलांवर हिरवी बुरशी. वर्षाला 18 हजार जास्त मिळवायला मी 43,500 घालवले, वर रंगाचे वेगळे. चांगली माणसं दारात आली तर हजार-दीड हजारांसाठी परत पाठवू नका.

चांगली म्हणजे कोण, यावर एजंट आधी आडनाव विचारतो. मग मांसाहार. मग लग्न झालंय का. तुम्ही नोकरीचं पत्र विचारा, पगार भाड्याच्या तिप्पट आहे का बघा, आणि आधीच्या मालकाला स्वतः फोन करा. एवढंच. सोसायटीला लिव्ह अँड लायसन्सबद्दल कळवायचं असतं, कराराची प्रत द्यायची असते. बॅचलर नको, अमुक लोक नकोत असं सोसायटीने सांगायचा अधिकार सोसायट्यांच्या आदर्श उपविधीत, म्हणजे नमुना नियमावलीत, कुठेही नाही. सोसायटी भाड्याच्या घराला जास्तीचा आकार लावते तोही सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, 2001चा शासन निर्णय आहे. तरी काही सेक्रेटरी हजार-दोन हजार लावून मोकळे होतात. भांडण करायचं नाही, निर्णयाची प्रत जोडून पत्र द्यायचं आणि पोच घ्यायची.

ताबा देताना पंखे, ट्यूब, गिझर, नळ यांची यादी करून दोघांच्या सह्या घ्या आणि विजेच्या मीटरचा फोटो काढून ठेवा. डिपॉझिट परत करताना निघणारी निम्मी कटकट इथेच संपते.

माझा सल्ला विचारता, तर 30 लाखांचं कर्ज नको. याच पट्ट्यात 33-34 लाखांपर्यंत ओसी असलेला वन आरके, म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर, शोधा. सहा महिने लागतील, लागू देत. शुल्क, दलाली, दुरुस्ती धरून 36-37 लाखांत बसला तर 24-25 तुमचे, 12 बँकेचे. पंधरा वर्षांचा हप्ता 11,800च्या आसपास येतो. तिथलं भाडं साधारण तेवढंच निघत असेल, तर मेंटेनन्स, कर आणि रिकामा महिना एवढाच भार तुमच्यावर पडतो, आणि तो मुलीच्या फीसोबत झेपतो. उरलेले तीन-चार लाख मुदत ठेवीत ठेवा आणि त्यांना हात लावू नका. मिळाला नाही असा आरके, तर पैसे बँकेतच राहू द्या. खारीगावचं घर मालक 42पर्यंत खाली आला तर पुन्हा कागद घेऊन बसू.

रविवारी टोकन देऊ नका. मेहुण्यांना सांगा, नोंदणीकृत करार करण्याआधी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, पण टोकन म्हणून घेतलेले 51 हजार परत मिळवायला किती वेळा फेऱ्या माराव्या लागतात ते मी पाहिलंय. त्याऐवजी आईंना घेऊन कळव्याला जा, भाड्याची घरं बघा. चाळीत वाढलेली बाई घरात शिरल्याबरोबर आधी नळ सोडून बघेल. ती काय म्हणते ते लिहून घ्या आणि मला कळवा.